'क्रोनो ट्रिगर'मधला खटला
'क्रोनो ट्रिगर' या व्हिडिओ गेमची गोडी म्हणजे निव्वळ बालपणीच्या आठवणींचा उमाळा, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. स्क्वेअर या जपानी कंपनीने १९९५ साली सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेम कन्सोलसाठी काढलेल्या या खेळात शत्रू बहुधा आधीच समोर दिसतात आणि लढाई तिथल्या तिथे जुंपते, ही सोय आहेच. पण खरी करामत आपल्या नायकावर चालणाऱ्या खटल्याची आहे. सुरुवातीच्या जत्रेत आपण कुणाचा तरी डबा सहज फस्त केलेला असतो, धडकून पडलेल्या मुलीची विचारपूस करण्याआधी तिचे लॉकेट उचललेले असते, आणि पुढे न्यायालयात तेच सारे पुराव्यादाखल मांडले जाते, तेव्हा (निदान मला तरी) ओशाळल्यासारखे झाले. खेळ आपल्या बारीकसारीक वागण्याची गुपचूप नोंद ठेवत होता, याचा तोवर पत्ताच नसतो. शिवाय ज्युरीने निर्दोष ठरवले तरी कोठडी चुकत नाही, हा चावटपणा वेगळाच!