मदत हवी आहे: ठाणे, दोन विंगमधल्या एक्सपान्शन जॉइंटमध्ये नक्की काय भरायचं?

सातवा_मजला
मंडळी, जरा लवकर सांगा, रविवारी सभा आहे. आमच्या ए आणि बी विंगच्या मधला जॉइंट, म्हणजे बिल्डरने मुद्दाम सोडलेली उभी फट, दोन पावसाळे धो धो गळतोय. तीन कोटेशनं आलीत. पहिला म्हणतो, ग्राउट (सिमेंटचा पातळ माल) ओतून गॅप कायमची बंद करतो, वरून कोबा, दहा वर्षांची गॅरंटी. दुसऱ्याचं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, रबरासारखं ताणणारं. तिसऱ्याची ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत रबर बसवायची सिस्टीम, पहिल्याच्या चौपट पैसे. सभासद अर्थातच पहिल्याच्या बाजूने. भूकंप आणि वादळ दोन्हींत टिकेल असं यातलं कोणतं? फक्त नाव सांगा, बाकी मी बघतो.

निवृत्त_ओव्हरसिअर
किती मजले? गॅप किती मिलिमीटर? बांधकाम कधीचं? पाणी गच्चीवरून उतरतं की बाहेरच्या भिंतीतून? पोटात दुखतंय, गोळीचं नाव सांगा, असं झालं हे.

खाडीकाठ
सिलिकॉन. डोळे मिटून. ऐरोलीला आमच्या स्लायडिंग खिडक्यांना नऊ वर्षांपूर्वी मारलंय, थेंब नाही.

पुट्टीपुराण
खिडकी आणि जॉइंट यात फरक आहे हो. सिलिकॉनवर रंग धरत नाही, पुढच्या रंगकामाला पट्टे दिसतात. पीयूच घ्या. पण नीट मारायला लावा. आधी बॅकर रॉड (फोमची जाड दोरी), आणि सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी. आमच्याकडे रॉड न घालता गॅप ठासून भरली. ते तळालाही चिकटलं, ताणायला जागाच राहिली नाही, पहिल्याच उन्हाळ्यात कडेने सुटलं.

खाडीकाठ
पीयू उन्हात खडूसारखं होतं, ते नाही सांगितलंत.

गच्चीप्रेमी
एवढ्या भानगडीपेक्षा सरळ पत्र्याची शेड टाका. आमच्या नेरूळच्या सोसायटीत टाकली, वर गणपतीची जागा झाली, बायका पापड वाळवतात.

निवृत्त_ओव्हरसिअर
शेडीखाली पापड वाळतात? असो. शेडीला परवानगी लागते, आणि १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात आमच्या समोरच्या इमारतीचे पत्रे रस्त्यावर होते. धागाकर्ते, माझे प्रश्न तसेच आहेत.

सातवा_मजला
स्टिल्ट (खाली खांबांवरचं पार्किंग) अधिक सात मजले, १९९८ ची. गॅप दिसायला दोनेक इंच. पाणी गच्चीखाली माझ्याच बेडरूममध्ये येतं, शिवाय पश्चिमेच्या भिंतीतून चौथ्या-पाचव्यालाही. पॅसेजमधली जॉइंटवरची लादी दर वर्षी फुटते, तिचा इथे संबंध नाही. सभासद विचारतात, ठाण्यात भूकंप कुठे होतो?

निवृत्त_ओव्हरसिअर
लादीचा संबंध नाही? अहो, तीच तर सांगतेय! जॉइंट हलतोय आणि तुम्ही त्यावर आडवी लादी बसवताय.

भूकंपाचं म्हणाल तर २०१६ च्या नकाशात ठाणे, नवी मुंबई झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला झाला तेव्हा गिरगावात आमच्या चाळीत फळीवरचे डबे वाजले होते, मी आईच्या कुशीत. २००१ चा भूजचाही इथल्या उंच इमारतींत जाणवला.

ग्राउटवाल्याला चहा पाजून घालवा. चाळीस मीटर लांबीचा स्लॅब पंचवीस अंशांनी तापला की साधारण दहा मिलिमीटर लांबतो. तुमचं ग्राउट एप्रिलमध्येच तडकणार, भूकंपाची वाटही बघायला नको.

चहाबाज
अवांतर: डहाणू-तलासरीला २०१८ च्या नोव्हेंबरपासून किती धक्के बसले! माझ्या मावशीने महिनाभर अंगणात खाट टाकली होती.

स्ट्रक्चरवाली
धागा उशिरा पाहिला. दोन इंचांत काय भरायचं हा पुढचा प्रश्न, दोन इंच पुरेत का हा आधीचा. दोन विंग वेगवेगळ्या आकाराच्या असल्या की वेगवेगळ्या लयीत झुलतात, आणि गॅप कमी पडली की एकमेकींवर आदळतात. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत कितीतरी इमारती अशाच शेजारणीला धडकल्या. दोन्ही विंगचे स्लॅब एका पातळीत आहेत ना?

निवृत्त_ओव्हरसिअर
आरसीसी फ्रेमला दर मजल्यामागे २० मिमी गॅप, आयएस ४३२६ या भारतीय मानकात तक्ता आहे. स्टिल्ट धरून आठ, म्हणजे १६० हवेत. दोन इंच कुठे आणि सहा इंच कुठे!

स्ट्रक्चरवाली
काका, तो तक्ता ०.१२ कोएफिशियंटसाठी (भूकंपाचा आडवा जोर इमारतीच्या वजनाच्या किती पट, तो आकडा) आहे, त्याखालीच लिहिलंय की बाकीच्यांना प्रमाणात घ्या. झोन ३, साधी फ्रेम, आर (फ्रेम न मोडता किती वाकू शकते त्याचा आकडा) ३ धरून २०१६ च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाने ०.०६७ च्या आसपास येतं. म्हणजे ८५-९० मिमी. तरी दोन इंचांपेक्षा जास्तच. पण हा कागदाच्या पाठीवरचा हिशेब, इमारत खरंच किती झुलेल ते मॉडेल करूनच काढायचं.

निवृत्त_ओव्हरसिअर
मान्य. आमच्या वेळी जास्त ठेवायचे, हे मात्र खरं.

सातवा_मजला
स्लॅब एका पातळीत नाहीत. आमचा प्लॉट उताराचा, ए मधून बी मध्ये जायला पॅसेजमध्ये दोन पायऱ्या आहेत. मी फक्त गळतीचं विचारत होतो हो.

स्ट्रक्चरवाली
मग जास्त जपायला हवं. एकीचा स्लॅब दुसरीच्या कॉलमच्या मध्येच आदळू शकतो. आता एक काम करा. गच्चीवरचं झाकण उचलून गॅपमध्ये मोजायची टेप सोडा. किती खाली जाते ते सांगा.

पुट्टीपुराण
टेप कशाला, पीयूचं ठरवा की!

सातवा_मजला
आत्ताच जाऊन आलो. टेप जेमतेम चार इंच गेली आणि अडली. मोबाईलचा टॉर्च मारला. सेंट्रिंगची फळी उभीच्या उभी अडकलेली, तिच्यावर प्लास्टरचे वाळलेले गोळे, पलीकडे अर्धी वीट. वॉचमननं सळई घातली, ती पण खणकन वाजली. हे १९९८ पासून असंच असणार?

स्ट्रक्चरवाली
बहुतेक. बाहेरून दोन इंच दिसतात, आत शून्य. आता काय भरायचं हे विसरा, आधी काढायचं. फळी ओढू नका आणि ब्रेकरही लावू नका. स्ट्रक्चरल कन्सल्टंटला दाखवा, मग बाहेरून परांची बांधून वरून खाली हातानेच सफाई. ८५ मिमीची रुंदी आता मिळणार नाही, दोन्ही विंग उभ्याच आहेत. पण आहे ती मोकळी ठेवणं हातात आहे. कमतरतेवर काय करायचं ते कन्सल्टंट सांगेल.

त्यानंतर तिसरा कोटेशनवाला. एवढ्या हालचालीला नुसतं सीलंट पुरणार नाही, चांगलं पीयू सीलंटसुद्धा साधारण रुंदीच्या पाव भागाएवढंच ताणतं. गच्चीवर दोन्ही बाजूंना कठडा, वर टोपीसारखी पट्टी. पट्टी एकाच बाजूला स्क्रूने बांधायची, दुसरी बाजू सरकती. दोन्हीकडे स्क्रू मारणारा कारागीर दिसला की काम थांबवा. पट्टीखाली रबराची पन्हळ हवीच. वादळात पाऊस आडवा येतो, भिंतीवरून वरही चढतो, पहिल्या थराला चुकवतोच. मुंबईसाठी डिझाइनला धरायचा वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवरच्या पट्टीचे स्क्रू किती अंतरावर ते लिहून घ्या. पॅसेजमध्ये लादीऐवजी सरकती प्लेट. मजल्यामजल्याला रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर), नाहीतर आगीत धूर सरळ तुमच्या बेडरूमपर्यंत.

गच्चीप्रेमी
यापेक्षा शेड स्वस्त पडली असती.

सातवा_मजला
सभेचा विषय बदललाय. आता फक्त कन्सल्टंटची फी मंजूर करायची. ग्राउटवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "फळी राहू द्या ना साहेब, तेवढा माल कमी लागेल." फळीचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेत. खजिनदार विचारतायत, परांचीचा रेट काय चाललाय?