मदत हवी आहे: महामार्गाच्या कामाजवळ होणाऱ्या अपघातांची कारणे निवेदनात कशी मांडावीत?

लालमाती: मुंबई-गोवा महामार्गावर हातखंबा गावाच्या अलीकडे चौपदरीकरणासाठी वाहतूक वळवली आहे आणि तिथे सारखे अपघात होत आहेत. ठेकेदाराचा माणूस सगळा दोष चालकांच्या वेगावर ढकलतो. सोमवारी ग्रामसभेत निवेदन द्यायचे आहे. वेगाखेरीज कोणती कारणे दाखवता येतील, ते कृपया लवकर सांगावे.

खाडीकाठ: धडक समोरासमोर होते की मागून? दिवसा की रात्री? हे कळल्याशिवाय कारण कसे सांगणार?

घाटवाट: सरळ गतिरोधक मागून घ्या. आमच्या फाट्यावर ते घातल्यापासून अपघात थांबले.

खाडीकाठ: फाट्याची गोष्ट वेगळी. महामार्गावर अंधारात, पूर्वसूचनेशिवाय घातलेल्या गतिरोधकावर पुढची गाडी करकचून थांबली, तर मागचा ट्रक तिच्यावरच येणार.

गणपतीला येणार: गाडीत डॅशकॅम बसवावा, विम्याचा दावा सोपा जातो.

लालमाती: दावा कोणाला करायचा आहे? धडका बहुधा रात्री, पावसात आणि मागूनच बसतात, कारण वळणरस्त्यावर एकच मार्गिका उरल्याने रांग लागते.

खाडीकाठ: रांगेचे आधी सांगायचे होते! ताशी ८० कि.मी. वेगाने येणाऱ्या वाहनाला धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत सुमारे १२० मीटर लागतात, असे आपल्याकडची रस्त्याची मानके धरतात. ताशी ४० कि.मी. वेगाला ४५ मीटर पुरतात. तेव्हा सूचना रांगेच्या शेपटाच्या बरीच आधी मिळायला हवी. पहिला फलक कुठे आहे?

लालमाती: वळणावरच, पिंपाला टेकवून ठेवलेला. चिखल उडून त्यावरचा बाण दिसत नाही आणि पिंपांच्या चकाकत्या पट्ट्याही सुटल्या आहेत.

निवृत्त ओव्हरसियर: मग हेच लिहा. भारतीय रस्ते काँग्रेस ही रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था आहे. कामाच्या जागी वाहतूक कशी सांभाळावी, यावरच्या तिच्या एसपी ५५ या मार्गदर्शिकेत आधी पूर्वसूचनेचा टप्पा, मग मार्गिका हळूहळू निमुळती होण्याचा, नंतर प्रत्यक्ष कामाचा आणि शेवटी वाहतूक पूर्ववत होण्याचा, अशी रचना आहे. तुमच्याकडे पहिले दोन टप्पे नावालाही दिसत नाहीत. वेगाचा मुद्दा मात्र नाकारू नका, कारण एक वाहन भरधाव आणि पुढचे जवळजवळ उभे, ही तफावतच धडक घडवते. ती आधी कळवणे कोणाचे काम होते, एवढे विचारा. छायाचित्रे रात्री, गाडीच्या दिव्यांच्या उजेडात काढा. दिवसा पिंपे ठळक दिसतात आणि मुद्दा हातचा जातो.

घाटवाट: छायाचित्रांनी कोण थांबणार? गतिरोधकच हवा.

लालमाती: खोदलेल्या बाजूला डांबराची कड वीतभर उंच राहिली आहे. तेही घालू का?

निवृत्त ओव्हरसियर: अवश्य घाला. बाजू देताना दुचाकी तिथेच कलंडतात. कडेला कठडा आहे की नुसती फीत, तेही नोंदवा.