गोळीचा हिशेब मागणे म्हणजे पोलिसांचे खच्चीकरण आहे काय?

सात रस्ता: काल सोलापूरकरांच्या या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले की, चकमकीत मेलेल्या गुंडासाठी वर्षानुवर्षे कोर्टात भांडणे म्हणजे पोलिसांचे खच्चीकरण होय. ते वाचून मला रात्रभर स्वस्थता लाभली नाही. 11 नोव्हेंबर 2006 रोजी लखन भैया या कथित गुंडाला पोलिसांनी वाशीहून उचलल्याचे कळताच त्याच्या वकील भावाने वरिष्ठांना तारा आणि फॅक्स धाडले, आणि त्याच दिवशी वर्सोव्यात ‘चकमक’ घडली. त्या तारांचा कागद हाती होता, म्हणून 2013 मध्ये 13 पोलिसांना जन्मठेप झाली. ज्याच्या घरात वकील नाही, त्याने काय करावे?

पोलीस लाइनमधला: माझे वडील हवालदार होते. गड्ड्याच्या यात्रेतला बंदोबस्त आटोपून ते पहाटे येत, तेव्हा पायाला चिकटलेले मोजे आई कोमट पाण्याने सोडवत असे. जमाव अंगावर आल्यावर बंदुकीचा घोडा ओढायचा की नाही, हे क्षणात ठरवावे लागते. आपण ते वर्षे घेऊन ठरवता. आमच्या घराचे छत गळत होते, त्याबद्दल कोणी याचिका केली नाही.

निवृत्त कारकून: गळक्या छताचे दुःख खरे आहे, पण त्याने गोळीचे उत्तर मिळत नाही. मी न्यायालयात कारकुनी केली आहे. पोलिसांवर खटला चालवायला सरकारी मंजुरी आली नाही म्हणून पुढची तारीख घेणारी एक म्हातारी दरवेळी पिशवीतून मुलाचा फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवत असे, कारण तो साहेबांपर्यंत पोहोचेल असे तिला वाटे. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 नुसार 120 दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे मानले जाते. ही तरतूद तेव्हा असती तर तिच्या किती खेपा वाचल्या असत्या!

हुतात्मा चौक: मंजुरीचे राहू द्या. सोलापूरकराला हे सांगावे लागावे याचेच वाईट वाटते. दोन पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून आपल्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांच्या राज्यात 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. मे 1930 मध्ये येथे लोकांवर गोळ्या झाडणाऱ्यांपैकी कोण फासावर गेला?

पोलीस लाइनमधला: माझ्या वडिलांना इंग्रजांच्या रांगेत उभे करू नका! हे मी सहन करणार नाही.

हुतात्मा चौक: त्यांना कोणी उभे केले? प्रश्न कायद्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच बजावले की, चकमकीचा तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत बढती वा पदक देऊ नये. यात प्रामाणिक हवालदाराचे काय बिघडते?

पोलीस लाइनमधला: 1997 च्या दिल्लीतील कॅनॉट प्लेस गोळीबारात पोलिसांकडून गुंड समजून दोन निरपराध व्यापारी मारले गेले, तेथील शिक्षा योग्य होती, एवढे मी मान्य करतो, त्यापुढे नाही. हुकूम देणारा सुटतो आणि शिपाई अडकतो.

सात रस्ता: त्या खटल्यात दहा जणांना जन्मठेप झाली आणि त्यांत सहायक पोलीस आयुक्तही होते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ती कायम केली. मृतांच्या घरच्यांनी खटला चौदा वर्षे सोडला नाही, म्हणूनच हुकूम देणाऱ्यापर्यंत हात पोहोचला.