गावतळ्यातला नळ (पाण्यात वाढणारं उंच गवत) मुळासकट काढणार आहेत, निम्मा तरी वाचवता येईल का?

मंडळी, जरा अर्जंट मदत हवी आहे. आमचं गाव निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यापासून फार लांब नाही. गावतळ्याच्या एका अंगाला नळ माजलाय, म्हणजे देवनळ, दोन पुरुष उंच झालाय, आणि ग्रामसभेत ठरलंय की या उन्हाळ्यात गाळ काढतानाच जेसीबी लावून सगळा साफ करायचा. लोकांचं म्हणणं अगदीच खोटं नाहीये, आत डुकरं बसतात, बिबट्याची भीती आहेच आणि सांडव्याच्या तोंडाशी तो गच्च झाल्यामुळे पाणी तुंबतं.

पण पक्षी सगळे तिथेच आहेत हो. जांभळ्या पाणकोंबड्या कोवळा कोंब उपटून पायात धरून सोलून खातात, पावसाळ्यात सुगरणीचा नर पानाच्या कडेला चोचीने चिमटा घेतो आणि उडतानाच लांब पट्टी फाडून नेतो, हिवाळ्यात वटवटे, ब्लूथ्रोट असतात आणि संध्याकाळी मार्श हॅरियर वर घिरट्या घालतो. सगळं काढलं तर हे जाणार कुठे, आजूबाजूला नुसत्या द्राक्षबागा आणि ऊस. तर सांडवा मोकळा होईल आणि बाकीचा नळ राहील असं काही करता येतं का? काही जण पेटवून द्या म्हणतायत, त्याने मरतो का?

प्रतिसाद १:
पेटवू नका, वरचं जळतं, खालचा कंद जिवंत राहतो आणि महिन्याभरात परत हिरवंगार, मधल्या मधे कासवं नि पिल्लं भाजतात ते वेगळंच. जेसीबीने पण कंदाचे तुकडे होतात आणि पेर असलेला तुकडा कुठे पडला की तिथे फुटतो. नळाची काडी पोकळ, तिच्यातून हवा खाली कंदाला जाते. त्यामुळे आत्ता पाणी उतरलंय तोवर फक्त सांडव्याजवळचा पट्टा विळ्याने जमिनीलगत कापा, कोंब आले की पावसाआधी परत कापा, तळं भरलं की खुंट बुडतात आणि कंद गुदमरतो. जे काही करायचं ते जूनच्या आत, नंतर घरटी असतात. आणि आधी बघून घ्या तो नळच आहे ना, काडीला पेरं आणि वर तुरा असेल तर नळ, पेरं नाहीत आणि तपकिरी कणीस असेल तर पाणकणीस. काढायचंच असेल तर काठावरची बेशरमाची झुडपं काढा की, ती बाहेरची, नळ इथलाच आहे.

धागाकर्ता:
धन्यवाद! सांडव्यापाशी पाणकणीस पण आहे, आत्ता जाऊन बघितलं. कापलेल्या काड्या टोपल्या विणणारे नेतील बहुतेक, विचारतो. आता एकच, ग्रामसभेचा ठराव बदलायला परत ग्रामसभाच लागते की ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत जमतं? कोणी सदस्य असेल इथे तर सांगा प्लीज.