पोटाचा-लिव्हरचा डॉक्टर व्हायचंय, संशोधनही करायचंय. पीएचसीतून वाट कुठून काढू?

झाडीपट्टीतला डॉक्टर:
नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँडवर आहे. पुढे मेडिसिनला एमडी, मग गॅस्ट्रोचं (पोट-लिव्हरचं) डीएम, म्हणजे एमडीनंतरची तज्ज्ञ पदवी, करायचं मनात आहे. पण नुसती स्कोपी (दुर्बिणीची तपासणी) करत आयुष्य काढायचं नाही.

कारण सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक माय बारा वर्षांच्या पोराला घेऊन आली. डोळे हळदीसारखे पिवळे, गळ्यात कावीळ उतरवायची माळ. माळ लांबत लांबत बेंबीपर्यंत आली होती, म्हणजे कावीळ उतरली असं समजून घरचे निर्धास्त होते. आधी दोनदा अशीच कावीळ ‘उतरली’ होती. आमच्या इथे सिकल सेलची (लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराची) प्राथमिक चाचणी, सोल्युबिलिटी टेस्ट, पॉझिटिव्ह आली, पुढे पाठवलं तर इलेक्ट्रोफोरेसिस या खात्रीच्या तपासणीत सिकल सेल पक्का झाला आणि सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. माय म्हणाली, “डाक्टरसायेब, बारा वर्साच्या पोराले खडे कायले होतेत?” लाल पेशी लवकर फुटतात, त्यातून पिवळा रंग वाढतो, तोच साचून खडे होतात, एवढं समजावलं. मग तिनं विचारलं, “मंग आमच्या गावातल्या कितीक पोराईले असतीन?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शोधायचं कसं हेही कुणी शिकवलेलं नाही. सोबतचे म्हणतात, आधी ‘नीट पीजी’ या प्रवेश परीक्षेत रँक आण, बाकीचं नंतर. संशोधन डीएममध्ये शिकवतात की त्यासाठी वेगळी पीएचडी करावी लागते?

मेडिसिनचा मास्तर, वर्धा:
डॉक्टर, डीएमची वाट बघू नका. त्या मायनं तुम्हाला प्रश्न तयार करून दिला आहे. माझे कित्येक पीजी तीन वर्षांत एवढा नेमका प्रश्न आणत नाहीत.

1978-79 च्या हिवाळ्यात काश्मीरच्या सोपोर भागात कावीळीची साथ आली, गरोदर बाया दगावू लागल्या. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू तेव्हा तरुण गॅस्ट्रोचे डॉक्टर होते. ते पेशंट येण्याची वाट बघत दवाखान्यात बसले नाहीत. गावोगाव फिरून कुणाला कावीळ झाली, कोण गरोदर होतं, पाणी कुठलं पितात, सगळं लिहून काढलं. रक्तात ना हिपॅटायटिस ए सापडला ना बी. हा वेगळाच विषाणू असावा, असं त्यांनी 1980 मध्ये मांडलं. आज त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात. दिल्लीत 1955-56 मध्ये हजारो लोकांना कावीळ झाली होती, तेव्हाचं रक्त कुणीतरी जपून ठेवलं होतं, म्हणून तीही ए ची साथ नव्हती हे पंचवीस वर्षांनी कळलं. जपून ठेवणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

तुमच्याकडे येतात ती पोरं मोजून ‘कितीक’चं उत्तर मिळणार नाही. न येणारी पोरंही मोजावी लागतील, म्हणजे गावातल्या सगळ्या पोरांची यादी हवी. ती आशाताईकडून तयार करून घ्या. संख्याशास्त्राच्या माणसाला सुरुवातीलाच भेटा, आकडे गोळा झाल्यावर गेलात तर तो फक्त चुका दाखवू शकतो. एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीची) परवानगी आल्याशिवाय अभ्यासासाठी कुणाचं रक्त घेऊ नका. आणि संमतीपत्र गोंडीत वाचून दाखवा. मराठीतल्या कागदावरचा अंगठा म्हणजे संमती असं मी तरी मानत नाही.

आर्णीची, सध्या बाहेर डीएम करतेय:
सरांचं पटतं, पण एक बाजू राहिली. वेळ. एमडीची तीन वर्षं, डीएमची तीन. सकाळी वॉर्ड, मग ओपीडी, दुपारी स्कोपीची लिस्ट, रात्री रक्ताची उलटी घेऊन आलेला सिरोसिसचा (लिव्हर कडक झालेला) पेशंट, त्याच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँड लावेपर्यंत पहाट होते. अशात कोण लिहिणार? माझा एमडीचा थीसिस सिरोसिसवर होता. साठ पेशंट घेतले आणि फॉलोअपच्या वेळी निम्म्यांचे फोन लागेनात, कारण नंबर शेजाऱ्याचे होते. ते कसं टाळायचं हे विभागात कुणीच सांगितलं नव्हतं. मी दोन रात्री रडले.

म्हणून कॉलेज निवडताना तिथल्या रेसिडेंटना एवढंच विचारा: आठवड्यातला अर्धा दिवस संशोधनासाठी ड्युटीच्या तक्त्यात लिहिलेला आहे का? तोंडी आश्वासनावर जाऊ नका. पीएचडी नंतरही करता येते, इंडिया अलायन्ससारख्या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थांच्या फेलोशिप डॉक्टरांनाही मिळतात. गावाकडची एमबीबीएसची पोरं विचारत असतील तर त्यांना आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एसटीएस या विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन योजनेबद्दल सांगा. दोन महिन्यांचा छोटा अभ्यास असतो, 1979 पासून सुरू आहे.

लॅबवाला, कुरखेडा:
सायेब, माझंही ऐका. पोराला नुकतंच रक्त चढवलं असेल तर सोल्युबिलिटीवर भरवसा ठेवू नका, शेवटचं रक्त कधी चढवलं ती तारीख लिहाच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ही टेस्ट चुकते. अन पावसात बाटलीवरची शाई धुऊन जाते. शिसपेन्सिलीनं लिहा, वरून पारदर्शक टेप. एकदा माझ्याकडं अकरा बाटल्या बिननावाच्या आल्या होत्या, सगळ्या फेकाव्या लागल्या.

झाडीपट्टीतला डॉक्टर:
सर, ताई, भाऊ, तिघांचेही आभार. आज ओपीडीचं रजिस्टर मागे मागे चाळलं. ‘कावीळ’ म्हणून नोंदी आहेत, वय आहे, गाव आहे. पोराला याआधी किती वेळा झाली, हे एकाही नोंदीत नाही. तेवढा रकाना हातानं आखला, फोन नंबरापुढे ‘कुणाचा’ असंही लिहिलं. आशाताई सोमवारपासून यादी धरतील, सुरुवात त्या मायच्या गावापासून.