मदत हवी आहे: गिअर तोच, वेग तोच, तरी आरपीएम 250 ने खाली येतो. टॉर्क कन्व्हर्टर की बिघाड?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना क्लच दाबणं जमत नाही, म्हणून सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. पेट्रोल, सहा गिअर, टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी ऑइलमधून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग). एएमटी किंवा सीव्हीटी या ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या प्रकारांतली नाही, हे आधीच सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यांनाच 'ऑटोमॅटिक' म्हणतात आणि चर्चा भलतीकडे जाते. गाडी बाबांच्या हातात देण्याआधी मला ती नीट समजून घ्यायची आहे.

वर्धा रोडला खापरी मागे पडली की बुटीबोरीकडे रस्ता मोकळा मिळतो. तिथे मॅन्युअल मोडमध्ये चौथा गिअर धरून गाडी 60 वर नेतो आणि पाय स्थिर ठेवतो. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा 2,600 च्या आसपास असतो. दोन-तीन सेकंदांनी आपोआप 2,350 वर येऊन बसतो. समोर गिअरचा आकडा 4 च, वेगही तोच. एक्सलरेटर थोडा जास्त दाबला की काटा लगेच वर जातो, वेग मात्र मागून सावकाश वाढतो. थंडीत पहाटे निघालो तर पहिले काही किलोमीटर काटा खाली येतच नाही.

मी कागदावर हिशेब करून पाहिला. टायरचा घेर साधारण 2 मीटर. 60 च्या वेगाला मिनिटाला 1,000 मीटर, म्हणजे चाकाचे 500 फेरे. माझ्या गाडीचा चौथ्या गिअरचा रेशो 1.15 आणि फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्स आणि चाकांमधला शेवटचा रेशो) 4.1. गुणाकार केला तर इंजिनाचे फेरे साधारण 2,360 यायला हवेत. म्हणजे काटा खाली आल्यावरचा आकडा बरोबर जुळतो. मग त्याआधीचे 240 फेरे कुठे जातात? हातगिअरच्या गाडीत असं झालं असतं तर क्लच प्लेट गेली असं मी सरळ म्हटलं असतं.

ओळखीच्या गॅरेजात विचारलं तर म्हणाले, "गिअरबॉक्स स्लिप मारून राहिला, उतरवून उघडावा लागेल." खर्च मोठा सांगितला आहे. आणखी एक गोष्ट, काटा खाली येतो त्या क्षणी कधीकधी गाडीत बारीक थरथर जाणवते. सेकंदभरच, मग शांत.

हे कन्व्हर्टरचं नेहमीचं काम आहे की खरंच बिघाड? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद 1

भाऊ, गिअरबॉक्स उघडायची घाई करू नका. काटा खाली येतो तो कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच बसून इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले गेल्यामुळे. ते नॉर्मल आहे. थरथर मात्र नॉर्मल नाही. गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं?

प्रतिसाद 2

तुमचा हिशेब अगदी योग्य दिशेने गेला आहे, म्हणून जरा खोलात लिहितो.

कन्व्हर्टरच्या आत इंजिनाला जोडलेला पंप असतो आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडलेलं टर्बाइन. दोघांमध्ये फक्त ऑइल. 'चालू पंख्यासमोर बंद पंखा ठेवला तर तोही फिरू लागतो' हे उदाहरण सगळीकडे देतात, पण ते अर्धंच आहे. तेवढ्याने टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, एकीकडून दुसरीकडे जातो, वाढत नाही. वाढ होते ती दोघांच्या मधल्या स्टेटर नावाच्या पात्यांच्या चाकामुळे. टर्बाइनमधून परतणारं ऑइल पंपाच्या फिरण्याला विरोध करेल अशा दिशेने येत असतं. स्टेटरची पाती त्याला वळवून पंपाच्या बाजूने सोडतात. त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा टॉर्क साधारण दुप्पट होऊन गिअरबॉक्सला मिळतो.

म्हणजे निघताना तुमच्या पहिल्या गिअरच्या पुढे जणू आणखी एक गिअर लागलेला असतो, आणि त्याचा रेशो सतत बदलत असतो: सुरुवातीला 2 च्या आसपास, टर्बाइन वेग धरत जाईल तसा कमी कमी होत 1 पर्यंत. जुन्या अमेरिकन गाड्यांचं दोन गिअरमध्ये भागायचं ते यामुळेच. 1948 ला आलेला ब्यूक कंपनीचा डायनाफ्लो गिअरबॉक्स तर नेहमीच्या चालवण्यात गिअर बदलायचाच नाही, सगळं कन्व्हर्टरवर सोडलेलं.

टर्बाइन पंपाच्या साधारण 85-90 टक्के वेगाला पोचलं की स्टेटर मोकळा फिरू लागतो आणि टॉर्कची वाढ थांबते. पण दोघांचा वेग कधीच पूर्ण सारखा होत नाही, कारण फरक असल्याशिवाय ऑइल ताकद पोचवू शकत नाही. तुमचे 240 फेरे म्हणजे हाच फरक. 2,360 ला 2,600 ने भागा, जवळपास 91 टक्के येतात. अगदी अपेक्षित आकडा आहे. ही उरलेली घसरण उष्णता होऊन ऑइलमध्ये जाते, पेट्रोल वाया जातं. म्हणून कन्व्हर्टरच्या आतच एक क्लच असतो, तो पंप आणि टर्बाइन थेट जोडून टाकतो. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने हे 1949 मध्येच आणलं होतं.

गिअर बदलला आहे की नुसता लॉक-अप बसला आहे, हे काट्यावरून ओळखता येतं. तुमचा पाचवा समजा 0.86 चा असेल, तर चौथ्यातून पाचव्यात जाताना फेरे सुमारे 25 टक्क्यांनी पडतील, म्हणजे 2,350 चे 1,760. लॉक-अपमध्ये फक्त घसरणीपुरतेच पडतात. एक्सलरेटर दाबल्यावर काटा आधी चढतो, कारण गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर लॉक-अप सोडून कन्व्हर्टरला पुन्हा काम करू देतो. आणि थंडीत ऑइल पुरेसं गरम होईपर्यंत तो लॉक-अप बसूच देत नाही. तुमच्या पहाटेच्या अनुभवाचं कारण हेच.

प्रतिसाद 3

याच धाग्यात विचारतो. सीताबर्डीच्या गर्दीत सिग्नलला चढावर थांबलो की मी ब्रेक न लावता हलका एक्सलरेटर देऊन गाडी धरून ठेवतो. चालतं का?

प्रतिसाद 2 देणारे

नका करू. गाडी हलत नाही म्हणजे टर्बाइन थांबलेलं, आणि इंजिनाने दिलेली सगळी ताकद ऑइल तापवण्यात जाते. टॉर्क दुप्पट मिळत असला तरी पॉवर वाढत नाही, हे विसरू नका. तिथे कार्यक्षमता शून्य असते. मे महिन्यात आपल्याकडे 45 डिग्री असताना ऑइल कूलरला आधीच दम लागतो. ब्रेक दाबून ठेवा, नाहीतर हँडब्रेक ओढा.

धागाकर्ता

मनापासून आभार. इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. आता 240 फेऱ्यांची चिंता गेली, थरथरीची उरली. सर्व्हिस बुकमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याची कुठेच नोंद नाही. गाडी 70 हजारांच्या वर चालली आहे.

प्रतिसाद 1 देणारे

मग आधी एक तपासणी करा. मागे कोणी नाही असं पाहून, मोकळ्या रस्त्यावर, थरथर सुरू असतानाच एक्सलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा, ब्रेक लाइट लागण्यापुरता. ब्रेकचा सिग्नल मिळाला की लॉक-अप सुटतो. काटा थोडा वर गेला आणि थरथर त्याच क्षणी थांबली, तर ती लॉक-अप क्लचमधूनच येत आहे. थांबली नाही, तर इंजिनाचा मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं), इंजिनाचं माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्ट बघा.

धागाकर्ता

आज करून पाहिलं. ब्रेकला पाय टेकताच काटा वर गेला आणि थरथर बंद. पाय काढला, काटा खाली आला, थरथर परत. म्हणजे आधी ऑइल बदलून बघायचं ना? काय काळजी घ्यावी?

प्रतिसाद 1 देणारे

हो, आधी ऑइलच. जुन्या ऑइलमधले घर्षण सांभाळणारे घटक संपले की लॉक-अप क्लच एकसारखा पकडत नाही, धरतो-सोडतो, आणि तीच तुमची थरथर. फार उशीर झाला नसेल तर बऱ्याच गाड्यांमध्ये एवढ्यानेच जाते.

मॅन्युअलमध्ये ज्या स्पेसिफिकेशनचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लिहिलं आहे तेच घ्या, 'सगळ्यांना चालतं' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. खालचा बोल्ट उघडून काढलं तर साधारण निम्मंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून एकदा बदला, काहीशे किलोमीटर चालवा, मग पुन्हा बदला. लेव्हल कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच बघायला सांगा, थंड ऑइलवर नाही. आणि गॅरेजवाल्याला निघालेलं ऑइल पांढऱ्या कागदावर टाकून दाखवायला लावा. नुसतं काळपट असेल तर ठीक. जळका वास किंवा चमकणारा चुरा दिसला तर इथे फोटो टाका, पुढचं काय ते बोलू.