आरतीला आलेल्या पाहुण्याला मित्र वाईट बोलला आणि मी खोटं बोललो. आता मित्राशी कसं वागायचं?

दांडियाबाजार
वडोदऱ्यातल्या मंडळींना विचारतोय. जरा लांब आहे, पण वाचा.

आमचा घरचा गणपती पाच दिवसांचा. यंदा मुलीने तिच्या वर्गातल्या एका मुलाला आरतीला बोलावलं. पोरगा टांझानियाचा, तिच्याबरोबर इंजिनिअरिंगला आहे. चपला बाहेर काढून, पाय धुऊन आत आला, टाळ्या अगदी तालात वाजवत होता. आरती झाल्यावर मी मोदक पुढे केला, तर त्याने दोन्ही हातांची ओंजळ धरली. तेवढ्यात माझा मित्र मराठीत म्हणाला, "अरे, ती दुसरी ट्यूब लाव, अंधारात हा दिसतच नाहीये." सात-आठ जण हसले. सगळे हसतायत म्हणून पोरगाही हसला. मग त्याने मला हळूच विचारलं, "अंकल क्या बोले?"

मी म्हटलं, "बोले, एक और मोदक लो."

त्याने दुसरा मोदक घेतला. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

हा मित्र शाळेपासूनचा, ४१ वर्षांची दोस्ती. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबांसाठी रात्री दोन वाजता ऑक्सिजनचा सिलिंडर डिकीत घालून आला होता, स्वतःला ताप असताना. आणि याच माणसाने आपल्या फ्लॅटसाठी दलालाला माझ्यासमोर फोनवर सांगितलंय, "आफ्रिकन ने नथी आपवानुं," म्हणजे आफ्रिकनला द्यायचा नाही. ग्रुपवर तर रोज काहीतरी असतंच. आजवर मी हसण्यावारी नेलं. आता नेता येत नाहीये. काय करू? मैत्री ठेवून त्याला सांगायचं, की गप्प बसायचं, की लांब व्हायचं?

जुना बडोदेकर
भाऊ, मनापासून सांगतो, एका वाक्यावरून एवढं मनाला लावून घेऊ नका. आमच्या वर्गात काळ्या, जाड्या, चष्मिष, लंगड्या सगळे होते. तो काळ्या आज माझा व्याही आहे. मित्राने सिलिंडर आणला तो दिवस खरा, की ट्यूबलाइटचं बोलणं खरं? माणसाची पारख करणीवरून करावी. आणि हे रेसिझम वगैरे अमेरिकेतलं. तिथे गोऱ्यांनी काळ्यांना गुलाम केलं. आपण कोणाला केलं?

रावपुरा_संध्या
काका, तुमच्या त्या व्याह्यांना विचारलंत का कधी, "काळ्या" ऐकून काय वाटायचं ते? मी विचारते, कारण मी तशीच मुलगी होते. लग्नाच्या वेळी आत्या माझ्यासमोर म्हणाली होती, "फोटो सकाळच्या उन्हात काढा." कोणीही मला दुखवायला बोलत नव्हतं. सगळे प्रेमाचेच होते. मी आज ५३ वर्षांची आहे आणि अजून फोटोत मागे उभी राहते.

जुना बडोदेकर
ताई, नाही विचारलं. तेवढं कबूल करतो.

निवृत्त शिक्षिका, सयाजीगंज
"हे अमेरिकेतलं" असं आपल्या गावात तरी कोणी म्हणू नये. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला गेले आणि १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात परत आले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला सांगून गेली. हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुढचं लक्षात घ्या. ते त्या दिवशी दोन मित्रांकडे गेले. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. हिंदू मित्राला फार वाईट वाटलं, पण म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल. शेवटी बाबासाहेब रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत कमाटीबागेत बसून राहिले. त्याच बागेत, जिथे आपण सकाळी फेऱ्या मारतो.

काठीवाले कोण होते ते कोणाला आठवत नाही. मला त्या दोन मित्रांचा विचार येतो. दोघेही सज्जन होते. दोघांनाही वाईट वाटलं होतं.

प्रतापनगर_८८
मॅडम, आदर ठेवून लिहितो, पण ही तुलना मला पटत नाही. अस्पृश्यता ही हजारो वर्षांची घडी होती, धर्माचा आधार घेऊन बसवलेली. एका घरगुती थट्टेला त्या पंगतीत बसवलं तर बाबासाहेबांच्या दुःखाचं वजन कमी होतं. दोन्ही वाईट, पण दोन्ही एक नाहीत.

निवृत्त शिक्षिका, सयाजीगंज
थट्टा आणि अस्पृश्यता एक नाहीत, मान्य. पण "फ्लॅट द्यायचा नाही" हे थट्टेत बसत नाही. तिथे दाराची कडी लागते.

घरमालक, वाघोडिया रोड
मी बोलू का, कारण शिव्या मलाच बसतायत. माझे तीन फ्लॅट भाड्याने आहेत. परदेशी भाडेकरू आला की २४ तासांत ऑनलाइन नोंद करायला लागते, व्हिसाची मुदत बघायला लागते, पोलीस आले तर मलाच बोलावतात. सोसायटीची मीटिंग वेगळी. तिसऱ्या मजल्यावरच्या बेन म्हणतात मासळीचा वास येतो. एकदा चार मुलांना दिला होता, रात्री दोन-दोनपर्यंत गाणी. मी कोणाचा द्वेष करत नाही. मला कटकट नको एवढंच. याला वर्णद्वेष म्हणणार असाल तर अर्धं शहर त्यात येईल.

खंडेराव मार्केट
मग गाणी लावणाऱ्या त्या चौघांना काढा. पुढच्या पाचव्याला का नाही म्हणता? आपली पोरं पुण्याला बॅचलर म्हणून घर शोधताना "गुजरातहून आलेत" म्हणून कोणी नाही म्हटलं, तर आपण किती बोलतो! आणि खरं सांगा, उद्या एखादा जर्मन आला तर नोंदीची कटकट होईल का?

घरमालक, वाघोडिया रोड
गेल्या वर्षी एका फॅक्टरीत जर्मन इंजिनिअर आला होता, कंपनीने भाडं भरलं, मी दिला. नोंद मीच केली. दहा मिनिटं लागली.

…तुमचा मुद्दा कळला. पण सोसायटीला तोंड मला एकट्याला द्यायला लागतं, हेही समजून घ्या.

मांडवी_अभय
मी माझं सांगतो. आयपीएल खेळलेला वेस्ट इंडिजचा डॅरेन सॅमी २०२० साली बोलला होता, आठवतंय? त्याला इथे "कालू" म्हणायचे. अर्थ माहीत नसल्याने त्याला वाटायचं, ताकदवान घोडा असं काहीतरी म्हणत असतील. अर्थ कळल्यावर त्याला राग आला, आणि तो त्याने जाहीर बोलून दाखवला. मग त्याच्याशी एक जण बोलला आणि सॅमीने स्वतःच सांगितलं, की तो प्रेमाने म्हणत होता हे मला पटलं. म्हणजे मिटू शकतं. पण मिटलं केव्हा? अर्थ लपवून नाही, अर्थ उघडा पडल्यावर. दांडियाबाजार भाऊ, तुम्ही त्या मुलाला अर्थच कळू दिला नाहीत. माफ करा, पण मला तुमच्या मित्राच्या बोलण्यापेक्षा तो दुसरा मोदक जास्त टोचला.

दांडियाबाजार
मलाही तोच टोचतोय.

अलकापुरी_७
मी तोडून मोकळा झालो. माझी सून मणिपूरची. कॉलेजपासूनचा माझा एक मित्र तिला तोंडावर "चायनीज" म्हणायचा, नूडल्सवरून विचारायचा. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा घरी बोलावणं बंद केलं. लोक म्हणाले, एवढ्याशावरून? २०१४ साली दिल्लीत, लाजपतनगरात, अरुणाचलचा निडो तानिया असाच चिडवण्यावरून सुरू झालेल्या मारहाणीत गेला. विशीही धड ओलांडली नव्हती पोराने. त्याच्या केसांवरून हसले होते. तेही एवढंसंच होतं. मैत्री तोडून चार वर्षं झाली, मला त्या मित्राची आठवण येते. पण सून आता स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसते, पाहुणे असले तरी.

प्रतापनगर_८८
तुमचं दुःख समजतं. पण तोडल्यावर तो मित्र कुठे गेला? जिथे "चायनीज" वर सगळे हसतात तिथेच ना? त्याला अडवणारे तुम्ही एकटे होतात, तेही उठलात.

अलकापुरी_७
त्याला सुधारण्यासाठी माझ्या सुनेने किती वर्षं ऐकून घ्यायचं होतं?

प्रतापनगर_८८
याला माझ्याकडे उत्तर नाही.

इतिहासाचा विद्यार्थी
मित्र शिवाजी महाराजांचा भक्त असेल तर एक उपाय सांगतो. ग्रुपवर "हबशी" लिहीत असेल तर त्याला मलिक अंबरची आठवण द्या. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. औरंगाबादची जुनी नहर त्याच्या काळातली. आणि आपल्या गुजरातेत सिद्दी समाज पिढ्यानपिढ्या राहतोय, घरात गुजरातीच बोलतो. हा रंग इथे परका नाही.

रावपुरा_संध्या
माहिती छान आहे, सांगाच त्याला. पण मला एक खटकतं. मलिक अंबर झाला नसता तर त्या पोराच्या मोदकाची किंमत कमी झाली असती का? तो कोणाचा वारस म्हणून आला नव्हता. आरतीला आला होता.

जुना बडोदेकर
काल व्याह्यांना फोन केला. विचारलं. ते आधी म्हणाले, "जाऊ दे रे, जुनं झालं." मग म्हणाले, सहावीत असताना आईच्या पावडरचा डबा अख्खा तोंडाला फासून शाळेत आले होते, आणि मीच सगळ्यांना दाखवलं होतं. मला हे आठवतसुद्धा नव्हतं. माझं वरचं मत मी पुसत नाही, मैत्री तोडू नका हेच म्हणतो. पण गप्प बसू नका. त्याला एकट्याला गाठून सांगा, चारचौघांत नको. चारचौघांत माणूस हट्टाला पेटतो.

मांडवी_अभय
काका, एकट्याला सांगावं हे बरोबर. पण थट्टा चारचौघांत झाली ना? ते सात-आठ हसणारे काय समजून घरी गेले? त्यांच्यासमोरही एकदा बोलायला लागेल.

दांडियाबाजार
सगळ्यांचं वाचलं. काय झालं ते सांगतो.

आधी त्या मुलाकडे गेलो. मुलीला घेऊन त्याच्या हॉस्टेलच्या खाली चहाच्या टपरीवर बसलो आणि मित्र काय म्हणाला होता ते हिंदीत जसंच्या तसं सांगितलं. मी खोटं बोललो तेही सांगितलं. तो कप हातात फिरवत राहिला. म्हणाला, "अंकल, अंधेरा तो मुझे समझता है. तीन साल हो गए यहाँ." म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं. माझ्याकडून काय ऐकायला मिळतं, ते बघायला त्याने विचारलं होतं. मी मान वर करू शकलो नाही. माफी मागितली. तो "ठीक है" म्हणाला. ठीक आहे असं मला वाटलं नाही.

मग रविवारी कमाटीबागेत फेरी झाल्यावर, सेवउसळ खाताना, आमच्या नेहमीच्या सहा जणांसमोर मित्राला म्हटलं, "त्या दिवशी तू बोललास ते वाईट होतं आणि मी हसलो ते जास्त वाईट." अभयभाऊ, तुमचं ऐकलं. काका, तुमचं म्हणणंही खरं ठरलं, तो पेटला. म्हणाला, "एका परक्या पोरासाठी मला सुनावतोस?" सिलिंडरचं त्याने काढलं नाही. त्याने काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं. अर्धी डिश तशीच ठेवून उठला.

चार दिवस काही नाही. काल रात्री त्याचा मेसेज आला: "त्या पोराला माझ्याकडून सॉरी सांग."

मी लिहिलं, "तुझं त्याला एकदा मी सांगून बसलोय. आता तूच सांग. रविवारी तो आमच्याकडे जेवायला आहे."

मेसेज वाचलाय. उत्तर नाही. मुलगी विचारतेय किती जणांचा स्वयंपाक करायचा, तर मी पाच सांगितलेत, त्याला धरून.